कोरडं बोट

आमचे मामाजी बोलतात. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं, सगळेच बोलतात. नाही हो बाप्पा! सगळे बोलतात आणि मग थांबतात. मामाजींना थांबणं माहीतच नाही.

मामाजी म्हणजे माझे सासरे, चंद्रभान. परतवाड्याच्या बाजारात संत्र्याचा हर्रास, म्हणजे लिलाव, बोलायचं काम ते छत्तीस वर्षांपासून करतात. अडत्याच्या दुकानासमोर संत्र्यांचे ढीग लागतात, व्यापारी गोळा होतात, आणि मामाजी एका पालथ्या क्रेटवर उभे राहून ढिगामागून ढीग ओरडून विकतात. बाजार उठला की माणसं घरी जातात. मामाजी क्रेटसकट घरी येतात, असं आमच्या सासूबाई म्हणतात. एकदा दाढ काढायला गेले होते. डॉक्टरनं तोंडात निम्मं दुकान घातलं होतं, तरी हे "आ आ" करत त्याला त्याच्याच दवाखान्याच्या जागेचा इतिहास सांगत होते.

मी रूपाली, त्यांची सून. माहेर अकोल्याचं. अकोल्यातही लोक बोलतात, पण मध्ये श्वास घेतात. लग्न होऊन आले तेव्हा आठ दिवसांत मला मामाजींच्या आजोबांच्या बैलांची नावंसुद्धा पाठ झाली होती. मी चहात साखर किती घेते हे विचारायला मात्र नववा दिवस उजाडला. विचारलं आणि उत्तरही त्यांनीच दिलं. "दोन चमचे, हाव ना? अकोल्याचे लोक गोडच पेतेत." मी साखर घेतच नव्हते. आता सहा वर्षं झाली, दोन चमचे घेते.

नवरा नितेश नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात आहे. तिथंच खोली घेऊन राहतो, आठवड्याच्या सुटीला घरी येतो. सहा दिवस यंत्रांच्या खडखडाटात काढून तो घरी येतो आणि म्हणतो, बाबापेक्षा मशीन बरी, तिले बटन तरी आहे.

तर असं हे घर, आणि या घरात माझी आचल जन्मली.

जन्मली अकोल्याला, माहेरच्या दवाखान्यात. आमच्याकडे अशी समजूत आहे की जन्मल्यावर पहिलं मधाचं बोट ज्याचं लेकराच्या ओठाला लागतं, त्याच्या गुणावर लेकरू जातं. त्याला घुटी देणं म्हणतात. म्हणून घुटी देणारा माणूस घरोघरी आधीच ठरवून ठेवतात, आणि त्यावरून रुसवेफुगवेही होतात. सासूबाईंनी, म्हणजे जमुनाबाईंनी, आपल्या भावाला नेमलं होतं. शालिकराममामा जन्मभर वाचनालयात शिपाई होते. वर्षाकाठी चार वाक्यं बोलतात, त्यातली दोन उन्हाबद्दल असतात. "एक बोलणारं माणूस या घराले पुरे झालं," सासूबाई म्हणाल्या होत्या.

मामाजींनी मान डोलावली आणि बाळ झाल्याचं कळताच पहाटेची पहिली गाडी धरून सगळ्यांच्या आधी अकोल्याला पोचले. खिशात मेळघाटातल्या मधाची बाटली. माझ्या खाटेशी येऊन बाटलीचं बूच काढलं, करंगळी पुढे केली, तेवढ्यात नर्सबाई आल्या. "अहो आजोबा! एवढ्याशा बाळाला मध देतात का? अपाय होतो. आईच्या दुधाशिवाय थेंबही नाही द्यायचा." बाटली त्यांनी काढूनच घेतली.

करंगळी मात्र पुढे आलेली होती. मामाजींनी ती तशीच, कोरडी, आचलच्या ओठाला लावली. आणि वॉर्डभर ऐकू जाईल असं म्हणाले, "लागली! माह्या हातची घुटी लागली! पाहजा, आख्खा बाजार गाजवते का नाही पोट्टी!"

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. शालिकराममामा अकराच्या गाडीनं आले, बाळाकडे पाहिलं, "ऊन आहे," म्हणाले आणि जेवून परत गेले.

आचल दीड वर्षाची झाली, दोनाची झाली, अडीच वर्षांची झाली. चालली वेळेवर, धावली वेळेवर, पसारा तर वेळेच्या आधीच करायला लागली. "आचल, आबाजीची चप्पल आण" म्हटलं की बरोबर मामाजींचीच आणायची. काही हवं असलं की बोट दाखवायची. पण बोलायची नाही. एक शब्द नाही. हसायची, रडायची, ओरडायची, पण शब्द नाही. ती मला आई म्हणेल म्हणून मी किती वाट पाहिली, ते माझं मला ठाऊक. शेजारची तिच्याच वयाची पोर "आई, मले दे, आई, मले घे" असं दिवसभर भुणभुण करायची, तेव्हा मी चक्क खिडकी लावून घ्यायची.

उपायांना तोटा नव्हता. माणिकबाई शेजारीण म्हणाली, पोपटानं टोचलेला पेरू खाऊ घाला, लेकरू पोपटासारखं बोलते. मामाजींनी दुसऱ्याच दिवशी पिशवीभर टोचलेले पेरू आणले. आचलनं पेरू आवडीनं खाल्ले आणि बिया घरभर थुंकल्या. नितेश म्हणाला मोबाईलवर गाणी लाव. ती लावली, तर मोबाईल बंद केला की गळा काढायची, तेवढी एक भर पडली. बाजारातले लोक मामाजींना चिडवायचे, "काय चंद्रभानभाऊ, घुटी उलटी लागली काय?" मामाजी त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसायचे. घरी आले की आचलला मांडीवर घेऊन दुप्पट बोलायचे. चिमणी दिसली की चिमणीची कथा, बकरी दिसली की बकरीच्या मालकाची कथा. मला वाटायचं, या माणसाला काही कळतच नाही का?

शेवटी दिवाळी झाल्यावर आम्ही अमरावतीला गेलो. आधी कान तपासले. कान चांगले निघाले. मग तिथल्याच डॉक्टरांनी नीलम मॅडमकडे पाठवलं. मुलांना बोलायला शिकवणाऱ्या त्या. वय माझ्याएवढंच, आवाज इतका हळू की पुढे वाकून ऐकावा लागायचा. मामाजी आणि सासूबाईही बरोबर होते. मॅडमनी सतरंजीवर खेळणी मांडली आणि म्हणाल्या, "रोज घरी खेळता तसं खेळा. मी फक्त पाहते."

फक्त पाहते म्हटल्यावर मामाजींना काय, क्रेटच मिळालं.

"आचल, हे काय आहे बेटा? चेंडू! चेंडू आहे ना? कोणता रंग आहे? लाल! आपल्या घरी आहे का असा? हाव, आहे! कोणी आणला? आबाजीनं आणला! फेकतं का? फेक बरं! थांब, मीच फेकतो."

असं वीस मिनिटं. आचल आपली आबाजीच्या तोंडाकडे पाहत बसली. मॅडम वहीत रेघा ओढत होत्या.

"आजोबा," त्या म्हणाल्या, "तुम्ही तिला सत्तेचाळीस प्रश्न विचारले."

"विचारले ना!" मामाजी खूश.

"सत्तेचाळीसही उत्तरं तुम्हीच दिली."

सासूबाईंनी तोंडात पदर कोंबला. मीही हसले. तेवढ्यात मॅडम माझ्याकडे वळल्या. "आणि ताई, तिनं मघाशी नुसतं बाटलीकडे पाहिलं, तर तुम्ही उठून पाणी दिलंत. तिला मागावंच लागत नाही." माझं हसू तिथंच विरलं. स्वतःवर आलं की कसं लागतं ते तेव्हा कळलं.

मग त्यांनी समजावून सांगितलं. कोणामुळे पोर बोलत नाही, असं काही नाही. काही मुलं उशिरा बोलतात, त्याचं कारण सापडेलच असं नाही. घरात इतकं बोललं जातं ते चांगलंच, तिच्याकडे शब्द साठलेत. पण बोलणं म्हणजे एकदा तू, एकदा मी. तिची पाळी रिकामी ठेवायला हवी. "एक वाक्य बोला. तिच्या डोळ्यांसमोर बसा. मग मनात दहापर्यंत मोजा. तिनं बोट केलं, आवाज काढला, नुसतं पाहिलं, तरी ते उत्तर समजा. रोज अर्धा तास. संक्रांतीनंतर परत या, मग पुढे काय करायचं ते पाहू."

पुढे काय करायचं म्हणजे काय, हे मी विचारलं नाही. भीती वाटली.

घरी मामाजींची दहापर्यंतची शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी त्यांनी मोठ्यानं मोजलं. "तशे नाई, मनात," सासूबाई ओरडल्या. दुसऱ्या दिवशी मनात मोजलं, पण हर्रासाच्या चालीवर. दोन सेकंदांत दहा झाले आणि हे पुन्हा सुरू. तिसऱ्या दिवशी त्यांनी तोंडात पाण्याचा घोट धरला, म्हणजे बोलताच येणार नाही. चौथ्या आकड्याला घोट गिळून म्हणाले, "आचल, पाणी पेतं का? पेते ना?" सासूबाईंची मात्र चंगळ झाली. "एकेचाळीस वर्षांत पह्यल्यांदा मले या घरातल्या घड्याळाची टिकटिक आयकू आली," त्या आल्यागेल्याला सांगत सुटल्या.

मी हसत नव्हते. महिना उलटला होता, संक्रांत तोंडावर आली होती, आणि हा माणूस दहा सेकंद गप्प बसू शकत नव्हता. माझं डोकं फिरायला लागलं होतं.

एका सकाळी ते चष्मा घरी विसरून गेले. मी आचलला कडेवर घेऊन चष्मा द्यायला बाजारात गेले. हर्रास ऐन रंगात होता. मामाजी क्रेटवर, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, शब्दाला शब्द चिकटलेला. भाव चढत गेला, एकेक व्यापारी गळत गेला, आणि एकाएकी मामाजी गप्प झाले.

मला आधी वाटलं घसा बसला. पण नाही. ते मागे उभ्या असलेल्या एका शेठकडे पाहत होते. शेठ काही बोलत नव्हता, ढिगाकडे पाहत उभा होता. मामाजी हलले नाहीत. कोणी काही बोलायला लागलं तर त्याला हातानं थांबवलं. मी मोजायला लागले. पाच, सहा, सात. अकराव्याला शेठनं कानाची पाळी चोळली. "झालं! शेठनं घेतला!" मामाजी कडाडले. तेवढीच ती शेठची खूण होती, आणि छत्तीस वर्षं या माणसाला ती ठाऊक होती.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चारचौघांत सून सासऱ्याला बोलत नाही, हे मला कळतं. तरी बोलले. "मामाजी, त्या शेठसाठी अकरापर्यंत थांबता येते, अन् माझ्या पोरीसाठी दहापर्यंत थांबता येत नाही?"

 मामाजी क्रेटवरून उतरले. चष्मा घेतला. "चाल," म्हणाले आणि मला शेजारच्या टपरीवर घेऊन गेले. बाकावर बसून चहावाल्याला दोन बोटं दाखवली. बोलले नाहीत. मला माझ्याच बोलण्याची लाज वाटायला लागली.

"शेठची गोष्ट अलग आहे," ते म्हणाले, आणि इतक्या हळू की मला पुढे वाकावं लागलं. "तो नाही बोलला तं माल दुसऱ्याले जाईल. माह्यं काय जाते? पण हिच्यापुढे चूप बसलो, दहा मोजले, अन् काहीच नाही आलं तं?"

"तं काय? पुन्हा मोजायचे."

"तुले नाही समजत." ते आचलच्या केसांतून हात फिरवत राहिले. "मध नव्हता बोटाले. कोरडं बोट लावलं म्या. शालिकराम अकराच्या गाडीनं येऊनच राहिला होता, तो थांबला असता, रीतसर काई केलं असतं. म्या घाई केली. तुह्या सासूले जिंकाचं होतं मले. चूप बसलो का तेच दिसते, पोरीच्या ओठावर माह्यं कोरडं बोट. मंग मी बोलतो."

अडीच वर्षं! अडीच वर्षं हा माणूस बाजाराच्या थट्टेवर हसत होता आणि मनात हे धरून बसला होता. मला एकदम रडू आलं. मी त्यांना म्हटलं, मामाजी, तुम्ही निरे बह्याड आहात. सासऱ्याला कोणी वेडा म्हणतं का? पण म्हटलं. मध लागला असता तर पोर आजारी पडली असती, नर्सबाईंनी तेव्हाच सांगितलं होतं. आणि बोटानं पोरं बोलत असती, तर शालिकराममामांना लहानपणी कोणी घुटी दिली, त्याला आधी शोधू.

ते हसले. चहा आला. चहात दोन चमचे साखर होती.

त्या दिवसापासून त्यांनी आपली पद्धत काढली. दुपारी बाजार आटोपून आले की सतरंजीवर आचलच्या समोर मांडी घालून बसायचे आणि मध्ये एक संत्रं ठेवायचं. एकच. "कोणाले पाह्यजे?" एवढंच म्हणायचे आणि तिच्याकडे पाहायचे, शेठकडे पाहायचे तसं. पहिल्या दिवशी तिनं संत्र्याकडे पाहिलं. "आचलनं घेतलं!" फोड तिच्या हातात. चौथ्या दिवशी तिनं बोट केलं. आठवड्यानं "अं" असा आवाज आला, आणि मामाजींनी असा जल्लोष केला की माणिकबाई काय झालं म्हणून धावत आली. मीही शिकले. ती बाटलीकडे पाहायची आणि मी माझेच हात धरून उभी राहायची. बाई गं, किती कठीण असतं ते!

पण "अं"च्या पुढे काही जाईना. संक्रांत झाली. मॅडमकडे जायचा दिवस ठरला. आदल्या दुपारी मामाजी बाजारातून आले, हातपाय धुतले, सतरंजीवर बसले. नितेशची सुटी होती, तो दाराला टेकून उभा. सासूबाई तीळ निवडत होत्या.

"कोणाले पाह्यजे?"

आचलनं पाहिलं. बोट केलं नाही. "अं" म्हटलं नाही. मामाजी थांबले. मी मनात मोजत होते. दहा झाले, बारा झाले. रोज आचलनं काही ना काही केलं होतं, आज काहीच नाही. सासूबाई काही बोलायला गेल्या, मी त्यांचा हात दाबला. मामाजींच्या गळ्याची शीर उडताना दिसत होती. मला वाटलं, आता बोलतील. अठरा. एकोणीस. ते बोलले नाहीत. पण त्यांचे डोळे भरून आले, आणि ते मला बघवेना.

आचल उठली. तिनं स्वतः संत्रं उचललं आणि अंगठा खुपसून सोलायला लागली. संत्र्याची पार वाट लागली, रस कोपरापर्यंत ओघळला. एक चेंदामेंदा फोड निघाली. ती घेऊन ती आबाजीच्या मांडीवर चढली आणि फोड त्यांच्या तोंडात कोंबली. कोंबताना तिचं बोट त्यांच्या ओठावरून फिरलं.

"घे," आचल म्हणाली.

कोणी हललं नाही. तिला वाटलं असावं, आबाजीला ऐकू आलं नाही. "आबा, घे."

मी तिथंच खाली बसले आणि रडले. नितेश भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आणि मामाजी? तोंड उघडं, फोड आत, हनुवटीवरून रस गळतोय, आणि बोलणं बंद. मी सवयीनं मोजत गेले. चाळीस झाले, पन्नास झाले, शंभरापर्यंत गेले. चंद्रभान हर्रासवाले बोलले नाहीत.

सासूबाईंनी तिळाचं सूप खाली ठेवलं. पदरानं आधी स्वतःचे डोळे पुसले, मग पुढे होऊन नवऱ्याची हनुवटी पुसली. ओठ मात्र पुसले नाहीत.

"पोरीनं घुटी देली तुमाले," त्या म्हणाल्या. "आता तरी तिच्या गुणावर जा."